केरकचरा, नागरी : मुंबई व ठाणे परिसरातील विल्हेवाट आणि पुनरुपयोग यांचा इतिहास

मानवी वस्तीत दैनंदिन व्यवहारातून निर्माण होणाऱ्या आणि निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या घनरूप पदार्थांना केरकचरा किंवा घनकचरा म्हणतात. स्वयंपाकघरातील खरकटे, भाजीपाल्याची देठे व साली, झाडलोटीची माती, पालापाचोळा, कागद, चिंध्या, काच, धातू, प्लॅस्टिक, बांधकामाचा राडारोडा इत्यादींचा त्यात समावेश होतो. मैला व सांडपाणी यांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो [→ वाहितमल संस्करण व विल्हेवाट]. भारतीय नगरांच्या केरकचऱ्यात कुजणाऱ्या पदार्थांचे प्रमाण साधारणपणे निम्मे असते व त्यात ओलावा पुष्कळ असतो. या एका गुणधर्माचा त्याच्या विल्हेवाटीच्या इतिहासावर मोठा परिणाम झालेला आहे.

एखादा पदार्थ कचरा ठरतो तो केवळ त्याच्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. शेण गोठ्यालगतच्या उकिरड्यात पडले तर ते खत होते. तेच शहरातील तबेल्याच्या गटारात गेले तर घाण ठरते. कागद वेगळा ठेवला तर रद्दी म्हणून विकला जातो. खरकट्यात भिजला तर त्याला कोणी हात लावीत नाही. स्थानांतर व मिश्रण या दोन क्रियांनी उपयुक्त वस्तूचा कचरा बनतो. मुंबई आणि तिच्याभोवतीच्या ठाणे जिल्ह्यातील नगरे यांचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिल्यास या दोन्ही क्रिया कशा वाढत गेल्या, त्या उलटविण्याचे प्रयत्न कोणी केले आणि त्यांचे मोल कोणाला द्यावे लागले, हे स्पष्ट होते.

ग्रामीण पद्धती : शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील किन्हवलीसारख्या भातशेतीच्या गावांत केरकचरा ही वेगळी समस्या म्हणून पूर्वी जाणवत नसे. घरातील केर, चुलीची राख, गोठ्यातील शेण व गुरांनी खाऊन उरलेली वैरण उकिरड्यात साठविली जाई आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ती शेतात नेऊन पसरीत. शेणाचा काही भाग गोवऱ्यांसाठी व सारवणासाठी लागे. कोकणातील भातशेतीत रोपांच्या वाफ्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पाला, गवत व माती यांचे थर देऊन ते पावसाळ्यापूर्वी भाजण्याची पद्धत आहे. तिला राब म्हणतात. राबामुळे जमिनीतील तणाचे बी जळते व राखेतील क्षार रोपांना मिळतात. एकोणिसाव्या शतकात सरकारी जंगलांतून राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष निर्माण झाला. त्याच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. टाकाऊ समजल्या जाणाऱ्या पाल्याला शेतकऱ्याच्या लेखी काय किंमत होती, याची यावरून कल्पना येते.

वस्तूंच्या पुनरुपयोगाच्या रीतीही समाजात रुजलेल्या होत्या. जुन्या लुगड्यांची व धोतरांची वाकळ किंवा गोधडी शिवली जाई. नगरांत बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात नवी भांडी देई. कल्हईवाला झिजलेल्या भांड्यांना पुन्हा वापरायोग्य करी आणि तांबट मोडीची तांब्या-पितळेची भांडी वजनावर घेई. फुटके मडके कोंबड्यांना पाणी पाजण्यासाठी किंवा रोप लावण्यासाठी उपयोगी पडे. या व्यवस्थेत दारिद्र्याचा भाग मोठा होता, हे विसरून तिचे उदात्तीकरण करणे योग्य नाही; तथापि वस्तू वेगवेगळ्या ठेवण्याची शिस्त त्या व्यवस्थेत होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अन्य नगरांतील आरंभीचे प्रयत्न : नागरी केराची व्यवस्था अतिप्राचीन आहे. सिंधू संस्कृतीतील मोहें-जो-दडो येथील घरांच्या भिंतींत केर बाहेर टाकण्यासाठी घसरमार्ग आणि रस्त्यालगत केराची कुंडे आढळली आहेत. आधुनिक काळात औद्योगिक क्रांतीनंतर नगरांची वाढ झपाट्याने झाली व पटकीसारख्या रोगांच्या साथींमुळे नगरस्वच्छतेकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले. इंग्लंडमध्ये १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाने केर उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे निश्चित केली. १८७४ मध्ये नॉटिंगहॅम येथे केर जाळण्याची पहिली भट्टी उभारण्यात आली. पॅरिसमध्ये सेन प्रांताचा प्रशासक यूजेन पूबेल याने १८८३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक घरमालकाने झाकणाची पात्रे ठेवावयाची होती : एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, एक कागद व चिंध्यांसाठी आणि एक काच, चिनी मातीचे तुकडे व कालवांचे शिंपले यांसाठी. या आदेशाला चिंध्या वेचून उपजीविका करणाऱ्यांनी विरोध केला. पुढे पात्रे राहिली, वर्गीकरण मात्र मागे पडले. फ्रेंच भाषेत केराच्या डब्याला अद्यापि पूबेलचेच नाव आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वेअरिंग याने १८९५–९८ या काळात राख, खरकटे व सुका केर वेगळे ठेवण्याची सक्ती केली होती. केर उगमापाशीच वेगळा करावा, हा विचार त्यामुळे अलीकडचा नाही. तो वारंवार मांडला गेला आणि वारंवार सोडून दिला गेला.

मुंबई, एकोणिसावे शतक : १८६४ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारात आलेल्या तेजीने शहरात माणसांची रीघ लागली होती. पाणीपुरवठा, गटारे व केराची व्यवस्था मात्र तोकडी होती. १८६५ च्या अधिनियमाने नगरपालिकेची सूत्रे आयुक्ताकडे आली. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड (कार. १८६५–७१) याने रस्त्यांची झाडलोट, केराच्या बैलगाड्या व मंडया यांची व्यवस्था लावली, परंतु त्याच्या खर्चिक कारभाराविरुद्ध करदात्यांनी चळवळ केली. पायखान्यांतील मैला डोक्यावरून व गाड्यांतून वाहून नेणाऱ्यांना त्या काळच्या नगरपालिकेच्या कागदपत्रांत हलालखोर म्हटले आहे व त्या कामासाठी हलालखोर कर या नावाने स्वतंत्र पट्टी घेतली जाई.

मुंबई हे मुळात सात बेटांचे ठाणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खाडीमुख हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद झाल्यावर आत विस्तृत सखल जमीन उरली. भायखळा, ताडदेव व महालक्ष्मी या भागांतील या दलदली भरून काढण्यासाठी शहराचा केर वापरला गेला. एका हाताने केर नाहीसा होई व दुसऱ्या हाताने जमीन मिळे. म्हणून नगरपालिकेला ही युक्ती लाभाची वाटली. केराच्या भरावावर पुढे वस्त्या झाल्या. भरावाखाली कुजणाऱ्या केराच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा त्या काळीही झाली होती. तथापि केर ज्या जागी टाकावयाचा ती जागा ‘रिकामी’ आहे, ही समजूत येथेच दृढ झाली आणि पुढील सर्व काळात ती टिकून राहिली.

चेंबूर व देवनार : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी विभागात डॉ. ॲ. गॅ. व्हीगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे (प्लेगचे) निदान केले. साथीत हजारो माणसे मृत्युमुखी पडली व लाखो शहर सोडून गेली. रोगाचे मूळ घाणीत आहे या तत्कालीन समजुतीमुळे केर वस्तीपासून दूर नेण्याची निकड भासली. याच सुमारास नगरपालिकेने चेंबूरजवळील खाडीकाठची आठशेहून अधिक एकर दलदलीची जमीन घेतली आणि महालक्ष्मी येथून केर आगगाडीने तिकडे पाठविण्यास प्रारंभ केला. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ मध्ये मुख्यत्वे केराच्या वाहतुकीसाठी बांधण्यात आला. तो प्रवाशांसाठी १९२४ मध्ये खुला झाला. हार्बर लोहमार्गाच्या या भागावरून रोज ये-जा करणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना त्याचा हा उगम ठाऊक असतो. कचरा उचलण्याच्या कामाला व तो टाकण्याच्या जागेला मुंबईच्या मराठीत रूढ झालेला ‘कचरापट्टी’ हा शब्द या व्यवस्थेचीच खूण आहे.

देवनार येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. तिचे क्षेत्र सुमारे १३२ हेक्टर आहे. आरंभी ओसाड असलेल्या या भागालगत स्वातंत्र्योत्तर काळात शहरातील झोपडपट्ट्या हटवून त्यांतील लोकांना वसविण्यात आले. गोवंडीतील शिवाजीनगरची दाट वस्ती अशा रीतीने कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आली. पुढे शहर उत्तरेकडे पसरले, तसतशा मुलुंड (१९६७) व गोराई (१९७२) येथेही कचराभूमी सुरू झाल्या. गोराईची कचराभूमी २००७ च्या अखेरीस बंद करून तिच्यावर मातीचे व अपार्य अस्तराचे थर घालण्यात आले. मुलुंडची २०१८ मध्ये बंद झाली. त्यानंतर कांजूरमार्ग येथील केंद्राकडे शहराचा बहुतांश कचरा जाऊ लागला. तेथील खाडीकाठची जमीन संरक्षित वन आहे, असा निर्णय मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. त्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

उघड्यावर साचविलेल्या मिश्र कचऱ्यात हवा खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे ऑक्सिजनाविना जगणारे सूक्ष्मजंतू त्यातील कुजणाऱ्या भागाचे विघटन करतात व मिथेन वायू तयार होतो. पावसाचे पाणी थरांतून झिरपताना विरघळलेली कार्बनी द्रव्ये व जड धातू घेऊन काळ्या द्रवाच्या रूपाने खाली उतरते व विहिरी, ओढे किंवा खाडी दूषित करते. मिथेन पेट घेतो व आग आतल्या आत धुमसत राहते. २७ जानेवारी २०१६ रोजी देवनार येथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. तिचा धूर उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. २०२५ मध्ये तेथे साचलेला जुना कचरा सुमारे १ कोटी ८५ लाख टन असल्याचे सांगून तो उकरून व चाळून वेगळा करण्याची योजना महानगरपालिकेने हाती घेतली. शतकभर एकत्र केलेले पुन्हा वेगळे करण्याचे हे काम आहे व त्याचा खर्च हजारो कोटी रुपयांच्या घरात जातो.

खतनिर्मिती व दहन : केरातून खत करण्याच्या शास्त्रीय पद्धतीचा पाया भारतातच घातला गेला. इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत ॲल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४–३१ या काळात शेतातील टाकाऊ पदार्थ, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर रचून व ते ठराविक काळाने परतून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. तिचे विवेचन त्या दोघांच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. १९३९ च्या सुमारास चि. ना. आचार्य यांनी नागरी केर व मैला चरांत पुरून खत करण्याची ‘बंगलोर पद्धत’ सुचविली आणि दुसऱ्या महायुद्धकाळातील अन्नटंचाईत अनेक नगरपालिकांनी ती स्वीकारली [→ खते]. त्या काळच्या नागरी केरात माती, राख व भाजीपाला हेच मुख्य घटक असल्याने खत बरे उतरे व शेतकरी ते घेऊन जात.

प्लॅस्टिकच्या प्रसारानंतर परिस्थिती पालटली. १९७५ नंतरच्या दशकात देशातील काही मोठ्या नगरांत उभारलेले यांत्रिक खत कारखाने बहुतांशी बंद पडले. मिश्र कचऱ्यातून निघालेल्या खतात काचेचे व प्लॅस्टिकचे तुकडे येत. वाहतुकीचा खर्च धरता ते महाग पडे आणि अनवाणी शेतात उतरणारा शेतकरी ते घेईना. दहनाचा अनुभवही उद्‌बोधक आहे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने रोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारी भट्टी उभारली. परंतु कचऱ्याचे उष्णतामूल्य अपेक्षेहून कमी असल्याने ती काही आठवड्यांतच थांबवावी लागली. ओला कचरा स्वतःच्या उष्णतेवर जळत नाही. तो जाळण्यासाठी इंधन घालावे लागते किंवा त्यातून ओला भाग आधी काढावा लागतो. आणि ओला भाग काढला, तर उरलेल्या कोरड्या भागातील कागद व प्लॅस्टिक यांना बाजारात भट्टीपेक्षा चांगला भाव असतो. यंत्र कोणतेही असो, कचरा मिश्र आहे की वेगळा, या प्रश्नापाशी ते येऊन थांबते.

वेचक व भंगार व्यवसाय : नगरपालिकांनी जे वेगळे केले नाही ते वेगळे करण्याचे काम कचरावेचकांनी केले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र येथून मुंबई-पुण्यात आलेल्या भूमिहीन कुटुंबांतील अनेक स्त्रिया या कामात शिरल्या. त्यांत दलित जातींतील स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. व्यवसायाची उतरंड ठरलेली आहे : सर्वांत खाली रस्त्यावरील व कचराभूमीवरील वेचक, त्यांच्यावर घरोघर फिरून रद्दी व मोड घेणारे फेरीवाले, मग भंगाराचे दुकानदार, त्यांच्यावर एकेका जिनसेचे घाऊक व्यापारी आणि शेवटी कारखाने. पुठ्ठा, पांढरा कागद, पत्रा, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, काच व प्लॅस्टिकचे अनेक प्रकार यांचे दर निरनिराळे असतात. अनुभवी वेचक स्त्री प्लॅस्टिकचा तुकडा वाकवून किंवा नखाने ओरखडून तो कोणत्या जातीचा हे ओळखते. मुंबईतील धारावी हे या व्यवसायाचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथे प्लॅस्टिक निवडणे, भरडणे, धुणे, छपरांवर वाळविणे व वितळवून त्याचा दाणा पाडणे ही कामे लहान गाळ्यांत चालतात.

या श्रमाचा लाभ त्रिविध असतो : नगरपालिकेचा वाहतूक खर्च वाचतो, कारखान्याला स्वस्त कच्चा माल मिळतो व कचराभूमीचे आयुष्य वाढते. वेचकाच्या वाट्याला मात्र उतरंडीतील सर्वांत कमी दर, सुया व काचा यांच्या जखमा, त्वचेचे व श्वसनाचे विकार आणि चोरीचा संशय आला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने (स्थापना १९७५) ‘परिसर विकास’ या कार्यक्रमाद्वारे वेचक स्त्रियांना खतनिर्मितीचे व बायोगॅस संयंत्रे चालविण्याचे शिक्षण दिले. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या प्रेरणेने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना स्थापन झाली. पुणे महानगरपालिकेने तिच्या सदस्यांना ओळखपत्रे दिली. २००८ मध्ये वेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. ज्या स्त्रिया कुंडीत उतरून वेचीत होत्या त्या दारावर येऊन वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या. व्यवसाय तोच राहिला. त्याची जागा बदलली आणि जागेबरोबर प्रतिष्ठाही.

सफाई कामगार : केर उचलण्याचे काम भारतात जातिव्यवस्थेशी निगडित राहिले आहे. नगरपालिकांनी हे काम पूर्वापार अस्पृश्य मानलेल्या जातींकडेच दिले, त्यामुळे आधुनिक संस्थेत जुनी उतरंड कायम राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघाची स्थापना केली, तीत अशा कामगारांचा प्राधान्याने समावेश होता. महाराष्ट्र शासनाने पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगारांच्या वारसांना नोकरीत सामावून घेण्याची तरतूद केली. या तरतुदीने गरीब कुटुंबांना स्थैर्य मिळाले, त्याचबरोबर तेच काम पुढील पिढीकडे जाण्याची वाटही पक्की झाली. तिचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. १९९० नंतर कंत्राटी पद्धतीचा प्रसार झाला. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कंत्राटदाराला वजनावर पैसे देण्याच्या पद्धतीचा एक दुष्परिणाम असा, की कचरा कमी होण्यात किंवा त्यातून राडारोडा वगळण्यात कोणालाच हितसंबंध उरत नाही.

ठाणे जिल्ह्यातील नवी नगरे : मुंबईतील घरांच्या किमती वाढल्याने व उपनगरी लोहमार्गामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व भिवंडी ही नगरे अल्पावधीत वाढली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. या नगरांनी मुंबईचाच कित्ता गिरविला. ठाण्याचा कचरा अनेक वर्षे दिवा येथे पडत राहिला. रहिवाशांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२३ मध्ये तो तेथे टाकणे थांबले. मग भंडार्ली येथे तात्पुरती सोय करण्यात आली व भिवंडी तालुक्यातील आतकोलीकडे लक्ष वळले. मुंबई महानगरपालिकेनेही अंबरनाथ तालुक्यातील करवले येथे जागा मिळविण्याचा प्रयत्न केला. त्याला स्थानिकांनी विरोध केला. पुण्याबाहेरील उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांचा अनुभव असाच आहे. शहराचा कचरा तेथे १९८१ पासून येऊ लागला आणि विहिरींचे पाणी बिघडल्यावर ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. अशा विरोधाला अडवणूक म्हणण्याची रीत आहे. परंतु ज्यांनी तो कचरा केला नाही त्यांनी तो का सांभाळावा, या ग्रामस्थांच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नगराने समाधानकारकपणे दिलेले नाही.

कल्याण येथील आधारवाडी कचराभूमीवर वारंवार आगी लागत. कचऱ्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था होईपर्यंत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीबाबत दिला. सुमारे वर्षभराने तो उठविण्यात आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईबाबतही तसाच आदेश निघाला व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सशर्त शिथिल केला. नगराची वाढ व नगराचा कचरा यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे, हे तत्त्व या आदेशांनी प्रथमच ठामपणे पुढे आणले. कल्याण-डोंबिवलीत मे २०२० पासून शून्य कचरा मोहीम सुरू झाली. ओला व सुका कचरा वेगळा दिला तरच उचलण्याचा नियम करण्यात आला, सार्वजनिक कचराकुंड्या हटविण्यात आल्या आणि मे २०२१ मध्ये आधारवाडी येथे कचरा टाकणे बंद झाले. या मोहिमेचे प्रमुख रामदास कोकरे यांनी त्यापूर्वी वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग) येथे मुख्याधिकारी असताना कचराभूमीचे रूपांतर उद्यानवजा केंद्रात केले होते. तेथे कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होई, ओल्या भागाचे खत व बायोगॅस आणि पालापाचोळ्याच्या इंधनविटा केल्या जात.

विधी व धोरण : अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या लोकहितयाचिकेतून २००० चे नागरी घनकचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम निर्माण झाले. त्यांची जागा घेणाऱ्या २०१६ च्या नियमांनी कचरा उगमापाशी ओला, सुका व घरगुती घातक अशा तीन प्रकारांत वेगळा करणे बंधनकारक केले आणि वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. मुंबईत २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तुंबलेल्या नाल्यांमुळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला; मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या अनेक एकवापरी वस्तूंवर बंदी घातली. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या नावे २००० मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने खेड्यांत स्पर्धेचे वातावरण निर्माण केले. गाडगे महाराज गावात पोहोचताच आधी स्वतः झाडू हाती घेत व रात्री कीर्तन करीत. स्वच्छता हे विशिष्ट जातीचे काम नव्हे, हा त्यांच्या कृतीचा आशय अभियानाच्या बक्षिसांपेक्षा अधिक मोलाचा होता.

शहापूर व मुरबाड : या दोन तालुक्यांचे मुंबईशी नाते जुने आहे. तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे व भातसा प्रकल्पाने त्यात मोठी भर घातली. याउलट शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ठाणे जिल्ह्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. त्या तबेल्यांतील शेण मात्र परत शेताकडे आले नाही. नगराने आपल्या परिसराकडून घेतलेले द्रव्य खताच्या रूपाने परत न करता कचऱ्याच्या रूपाने त्याच्या सीमेवर लोटले, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे.

आज ही नगरसीमा शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावर आली आहे. आसनगावपर्यंतचा लोहमार्ग, मुरबाडची औद्योगिक वसाहत व शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग यांमुळे येथे सदनिकांच्या वसाहती वाढत आहेत. किन्हवलीसारख्या बाजारगावांतही पिशव्या, पुड्या व बाटल्या यांचा केर उकिरड्यात मिसळू लागला आहे. गुरे कमी झाली, त्यामुळे उकिरड्यातील शेण घटले. प्लॅस्टिक मात्र वाढले. अशा मिश्र उकिरड्याचे खत शेतात घालणे शेतकऱ्याला अवघड जाते व राबाबरोबर प्लॅस्टिक जळाल्यास विषारी धूर होतो. केर पेटवून देणे किंवा ओढ्याकाठी टाकणे, हे दोन सोपे मार्ग उरतात. पावसाळ्यात तोच केर वाहून नदीनाल्यांत उतरतो आणि खालच्या अंगाच्या वस्त्यांपर्यंत पोहोचतो.

एका दृष्टीने या गावांची स्थिती १८६० नंतरच्या मुंबईसारखी आहे : वाढ सुरू झाली आहे, मात्र व्यवस्था अद्यापि ठरलेली नाही. मुंबईला उपलब्ध नव्हते असे दोन लाभ त्यांच्यापाशी आहेत. पहिला, खताची गरज असलेली शेतजमीन अजून घरांलगत आहे. ओल्या कचऱ्याला दूर नेण्याचे कारण नाही. दुसरा, दीडशे वर्षांच्या चुकांचा लेखी पुरावा समोर आहे. सखल जमीन, दलदल, खाडी, खाणीचे खड्डे व परगाव अशा क्रमाने नगराने कचरा पुढे ढकलला. प्रत्येक वेळी ती जागा कायमची पुरेल असे मानले गेले आणि प्रत्येक वेळी वस्ती तेथे जाऊन पोहोचली. ज्या ठिकाणी कचरा घरातच वेगळा झाला व तो हाताळणाऱ्यांना त्यांच्या श्रमाचे मोल मिळाले, त्या ठिकाणी साधी साधनेही पुरली. जेथे तो मिसळला गेला, तेथे मोठी यंत्रेही निकामी ठरली. उकिरड्यासाठी खड्डा कोठे खणावा आणि त्यात काय टाकू नये, हे पूर्वी प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक होते. वाढत्या नगरांच्या केरकचऱ्याच्या व्यवस्थेत शास्त्राने व शासनाने घातलेली भर मोठी असली, तरी तिचा आरंभ याच जुन्या ज्ञानापासून करावा लागतो.